रजेचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी आमच्या सॉफ्टवेअरवर दोन पानं मागितली, तेव्हाही टाळणारच होतो. पण मागायला आलेले गृहस्थ जाता जाता म्हणाले, "सर, त्या फिलोमिनाबाईंचं काही घालू नका. जुनं कशाला उकरायचं?" तेव्हा ठरवलं, तेच लिहायचं. स्मरणिकेत छापणार नाहीत, म्हणून इथे.

मालवणजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. फिलोमिना आमची लॅब असिस्टंट. कंत्राटी, दर जूनला नवी ऑर्डर. कागदावर तिचं काम मशीन चालू-बंद करण्याचं. प्रत्यक्षात तिच्याइतका चांगला कोड विभागात कोणाला लिहिता येत नव्हता. मलाही नाही.

'वही' ही तिची कल्पना. आमची मुलं आतल्या गावांतून यायची. वर्गात उभं राहून प्रमाण मराठीत शंका विचारायची म्हटलं की गप्प बसायची.

"माका येऊन मालवणीत इचारतत, सर," फिलोमिना म्हणाली. "मगे फोनातच इचारूक दिला तर? कोणाक कळाचा नाय."

तिने तसं सॉफ्टवेअर केलं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम छोट्या छोट्या धड्यांत. समजलं नाही की 'अडला' हे बटण दाबायचं आणि काय अडलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. वही त्याहून सोपा धडा काढून द्यायची. लिहिलेलं सगळं विद्यार्थ्याच्याच फोनमध्ये राहायचं. शिक्षकाला दिसायचं नाही. कोणाला किती येत नाही हे फक्त त्याला आणि त्याच्या वहीला ठाऊक.

वही 'ओपन' होती. म्हणजे तिचा कोड कोणीही वाचावा, घरी न्यावा, सुधारावा. मात्र केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी, कशासाठी. ती नोंद जगाला दिसते.

आमच्या लॅबमध्ये बदल एकाच मशीनवरून पाठवले जात. ते कायम फिलोमिनाच्या लॉगिनवर उघडं असायचं. बदल पाठवताना प्रत्येकाने आपलं नाव घालायचं अशी रीत होती. न घातलं तर तिचं नाव लागायचं.

एका शुक्रवारी प्राचार्यांनी बोलावलं.

"तपासणी समिती येतेय, सर. कच्ची मुलं आपण कशी ओळखतो ते दाखवायचंय. तुमच्या वहीत सगळं आहे ना?"

"ते मुलांचं खाजगी आहे."

"कॉलेजच्या नेटवर कसलं खाजगी? सोमवारी यादी द्या."

"फिलोमिना ऐकणार नाही."

"विभागप्रमुख कोण आहे?"

शनिवारी फिलोमिना गावच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, जाणार होती. रजेचा अर्ज तिने आदल्या दिवशीच दिला होता. "जा तू, सही करतो," म्हणून मी तो ड्रॉवरमध्ये टाकला होता.

शनिवारी मी तिच्या मशीनवर बसलो. दहा-बारा ओळींचं काम. मुलांच्या फोनमधली वही आपोआप बदलली, की 'अडला' दाबून लिहिलेलं सगळं कॉलेजच्या कॉम्प्युटरवरही उतरणार होतं. कारणाच्या जागी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. नाव बदलायला विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. कोपऱ्यात तिचं नाव होतं. ते वाचून मी एंटर दाबलं.

सोमवारी यादी दिली. प्राचार्यांनी तिचं काय करावं? सभागृहात समितीसमोर, सगळ्या मुलांसमोर एक नोंद वाचून दाखवली, नावासकट. नांदगावकडच्या मयुरीची. "लॉग म्हणजे काय ता माका अकरावीपासून कळलाच नाय." त्यांनी ते हेल काढून वाचलं. सभागृह हसलं. मयुरीने मान खाली घातली ती वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही.

मुलं हुशार होती. कोड उघडा होता. सभेच्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तो बदल शोधून काढला आणि त्यावरचं नावही वाचलं. लॅबच्या दारात घोळका जमला.

"मॅडम, तुमी असा कित्याक केलास?"

फिलोमिनाने स्क्रीन पाहिली. मग माझ्याकडे.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच.

"नोंदीत तुमचं नाव आहे, मॅडम."

"शनिवारी मी फेस्ताला होते, सर. रजेचा अर्ज विभागप्रमुखांकडे दिलाय."

प्राचार्यांना खरं काय ते माहीत होतं. तरी त्यांनी मला विचारलं, "अर्ज आला होता?"

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी म्हणालो, "बघावं लागेल."

बाहेर व्हरांड्यात फिलोमिना हळू आवाजात म्हणाली, "सर, उजव्या ड्रॉवरात आसा. निळ्या फायलीत."

मी ड्रॉवर उघडला नाही. जूनमध्ये तिची ऑर्डर आली नाही.

यापुढचं सगळं तिचं कर्तृत्व. तिने वहीचा कोड घरी नेला. माझ्या ओळी काढल्या आणि असं कुलूप घातलं, की विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय एक अक्षर बाहेर जाणार नाही. मग एसटीने नांदगावला जाऊन मयुरीला ते दाखवलं. मयुरी परत शिकायला लागली, दुसऱ्या कॉलेजातून पदवीधर झाली. आज वहीतले गणिताचे मालवणी धडे ती लिहिते. मध्यंतरी आमच्या संस्थेने 'सॉफ्टवेअर आमच्या मालकीचं आहे' असं पत्र धाडलं. फिलोमिनाने उत्तर पाठवलं, "कोड सर्वांसाठी खुला आहे. आपणही न्यावा."

गेल्या वर्षी मी वहीच्या नोंदींत माझ्या नावाने एक नोंद पाठवली. तो बदल मी केला, आदेश प्राचार्यांचा होता, फिलोमिना रजेवर होती. सोबत, निवृत्त होताना निळ्या फायलीसकट घरी आणलेल्या त्या अर्जाचा फोटो. अशी नोंद वही सांभाळणाऱ्याने मान्य करावी लागते. ती सांभाळते फिलोमिना. तिने मान्य केली. शेरा काही नाही.

प्राचार्य आता संस्थेवर आहेत. त्यांचा फोन आला. "सर, या वयात हे कशाला?"

"ड्रॉवर माझा होता, हुकूम तुमचा होता. दोन्ही लिहिलंय. आणखी काही राहिलं असेल तर सांगा, तेही लिहितो."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

या धंद्यात मी एकच गोष्ट पक्की शिकलो. चुकीची नोंद पुसता येत नाही, तिच्याखाली खरी नोंद करता येते. ती करायला मात्र कोणीतरी बसावं लागतं, आणि मी फार उशिरा बसलो.

मूळ अर्ज घेऊन मी फिलोमिनाच्या घरी गेलो. तिने तो चष्मा लावून वाचला.

"आता मंजूर करतास, सर?"

मी पेन काढून सही केली. ती हसली. मीही हसलो. चहा झाला. वहीच्या नव्या धड्यांविषयी ती तासभर बोलली. माझ्या घरून निघताना जुळवून आणलेलं माफीचं वाक्य तीनच शब्दांचं होतं. दारात चपला घालताना ते ओठांवर आलं.

"सांबाळून, सर. पायरी निसरडी आसा."

"येतो," मी म्हणालो.