स्प्रिंगच्या दाराचा दावा

आमचे दाजी सूर्यभान म्हणजे बढाईखोर माणूस. परभणीत जिंतूर रस्त्याला त्यांचं लेथचं दुकान, आणि मी त्यांच्या हाताखाली. साधा बोल्ट केला तरी चार जणांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला त्या सवयीचा भारी वैताग यायचा.

१९९० साली जवळच्या सूतगिरणीत कॉम्प्युटर आला. त्यातली माहिती वहीएवढ्या कार्ट्रिजमध्ये साठायची. ते मशीनमध्ये घालायचं, काम झालं की काढून कपाटात ठेवायचं. पण गिरणीत जिकडे तिकडे कापसाचे तंतू. ते आत शिरले की माहिती गेलीच. दाजींनी कार्ट्रिजच्या तोंडाला स्प्रिंगचं दार बसवलं. आत सरकवलं की उघडणारं, बाहेर ओढलं की आपोआप मिटणारं. मग आसपासच्या गिरण्याही तेच मागू लागल्या.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीची नोटीस आली. या दाराचं पेटंट आमचं आहे, तुम्ही नक्कल करता, थांबवा, नाहीतर कोर्टात खेचू.

“मी चोर व्हय?” एवढंच दाजी म्हणाले. दुकान बंद पडायची भीती होतीच, पण गावात चोर म्हणून नाव होणार या विचारानं त्यांनी जेवण टाकलं, झोपही उडाली. बढाया मारणारा माणूस गप्प बसला की घर खायला उठतं. मला रडू यायचं.

व्यंकटराव वकिलांनी घरी येऊन नोटीस वाचली. कंपनीचा अर्ज ९१च्या मार्चमधला होता. ते म्हणाले, “त्याच्या आधी तुमी हे दार चारचौघांत दाखवलं असंल, तर त्यांचं पेटंट टिकायचं न्हाई. कुणी साक्षीदार हाय का?”

तेवढ्यात माझी बहीण धुरपताबाई आतून कडाडली, “साक्षीदार? अख्खी गल्ली हाय! नव्वदच्या खंडेनवमीला ह्यांनी हत्यारांच्या पूजेत कार्ट्रिज मांडलं. प्रसादाला येईल त्याला दार उघडून दाखवायलते. तवाच मी हळदकुंकू वाहिलं, ते गेलं आत. गिरणीच्या मॅनेजरदेखत मला लय बोलले. ते भांडण कोण इसरलंय?”

खरंच कुणी विसरलं नव्हतं. मॅनेजर, समोरचा चहावाला, दोन गिऱ्हाईकं, सगळ्यांनी हसत हसत प्रतिज्ञापत्रं दिली. वकिलांनी ती कंपनीला पाठवली. महिन्याभरात नोटीस मागे घेतल्याचं उत्तर आलं. वकील ते घेऊन दुकानात आले, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

“आता आपणच त्यांचं पेटंट रद्द करायला लावू,” वकील जोशात म्हणाले. “लढायचं का?”

“नगं,” दाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “मी चोर न्हाई, एवढं बास.”

मग ते तिथंच पोत्यांवर आडवे झाले आणि बोलता बोलता घोरायला लागले. दारात गिऱ्हाईकं उभी होती. डबा घेऊन आलेल्या ताईनं सगळ्यांना खुणेनं गप्प केलं, आणि त्या दिवशी आम्ही लेथ चालूच केलं नाही.