पर नसलेली पाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

आमचं पेडगाव परभणीजवळचं. समुद्राशी आमचा संबंधच काय? मी कोकणात निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "समिंदराकडं बघत बसायची बी नौकरी असती का?" असते. तिथे जेटीचे खांब पाण्यात ठोकणं चाललं होतं. त्या दणक्यांनी पाण्यातल्या जनावरांना इजा होते, म्हणून नावेवरून दोघींनी नजर ठेवायची. मी आणि जिंतूरची संगीता. दोघींनी "दिसलं" म्हटलं तरच काम थांबायचं — एकीच्या शब्दावर नाही.

ओळखायला आम्ही सोबतच शिकलो. देवमासा त्याच्या फवाऱ्यावरून, डॉल्फिन पाठीवरच्या परावरून. आणि तिथल्या पाण्यातला पॉरपॉइज, डॉल्फिनचाच छोटा भाऊबंद — तो फार अवघड. पाठीवर पर नाही, उड्या नाहीत. काळी गुळगुळीत पाठ क्षणभर वर येते आणि जाते. मला ती डोहात डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीसारखी वाटायची, आणि नावेवर सगळ्यांना मी तसं सांगायचेही. मी दुसरं पाहिलं काय होतं?

त्यातूनच घोटाळा झाला. लांबवर काळं काहीतरी दिसलं, मी ओरडले. माझ्यावर विसंबून संगीताही हो म्हणाली. काम थांबलं — आणि निघालं रिकामं पिंप. मग काय, जो तो विचारायचा, "आज म्हशी किती आल्या?" संगीता त्यांच्याबरोबर हसायची. मला नाही हसता आलं. माझी चेष्टा मला कधीच सोसलेली नाही.

पुढे एका सकाळी समुद्र अगदी शांत होता. संगीतानं माझा दंड धरला. "ते बघ. संग पिल्लू बी हाय." मग मोठ्यानं म्हणाली, "दिसलं." सगळे माझ्याकडे वळले. सुपरवायझरच्या ओठांवर ते हसू आधीच आलेलं होतं. आणि मी — मी म्हणाले, "मला नाही दिसलं."

ठोकणं चालूच राहिलं. संगीता विनवत राहिली, मी दुर्बीण लावून भलतीकडे बघत बसले. काही दिवसांनी पिल्लू वाळूवर लागलं, मेलेलं. कशानं? मी विचारलं नाही. आणि संगीताला, तिची नजर भरवशाची नाही म्हणून, घरी पाठवलं. मी राहिले. आज नव्या मुलांना मीच शिकवते. पण सुट्टीत गावी गेले आणि तळ्यात एखादी म्हैस बुडी मारून वर आली, की मी तिथून उठून जाते.

गेल्या दिवाळीत संगीता जिंतूरच्या स्टँडवर भेटली. बांगड्यांचं दुकान टाकलंय. तिनं चहा पाजला. मग हळूच म्हणाली, "खरं सांग, तुला दिसलंच न्हवतं का गं? आता माझा माझ्याच डोळ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई. गिऱ्हाइकाला बांगडीचा रंग सांगायचा तर शेजारणीला इचारून सांगते."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आजूबाजूला हसणारं कोण होतं?

"न्हाई गं," मी म्हणाले, आणि बसमध्ये चढले.

दिसलं होतं. मोठी पाठ, तिला चिकटून छोटी. संगीतानं माझा दंड धरला, त्याच्याही आधी मला दिसलं होतं.