मामा विचारत फिरतात

अख्ख्या सांगली जिल्ह्यात धडधाकट माणसाला एका प्रश्नाने गार करणारा गृहस्थ एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. लग्न असो, बारसं असो, मामा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून येतात, एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याशेजारी बसतात आणि हळूच म्हणतात, "तात्या, मनात काय ऱ्हायलंय का? आत्ताच सांगा. मागनं कावळा लय खोळंबून ठेवतो." तात्यांचा घास तोंडातच राहतो. आमच्या साताऱ्याच्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी माझ्या आईलाही विचारलं होतं. आईने हातातली जिलबी खाली ठेवली ती ठेवलीच.

पूर्वीचे मामा हे नव्हेत. फौजेतून सुभेदार होऊन गावी आले ते परेड सोबत घेऊनच. म्हैससुद्धा त्यांच्या शिट्टीवर गोठ्यात शिरायची. कोणाला काही विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी नेभळटपणा. मुलाने काय शिकायचं, मुलीने कोणत्या घरी नांदायचं, मामींनी दिवाळीला कोणत्या रंगाची साडी नेसायची, सगळ्याचे हुकूम सुटत. "इचारायचं काय त्यात?" हे त्यांचं आवडतं वाक्य. विचारायच्या त्या मामी. रोज सकाळी चुलीपुढून त्यांचा आवाज येई, "आवं, आज काय करू जेवायला?" आणि मामा पेपरातून मान वर न काढता म्हणत, "कर कायबी."

मग मामी गेल्या. दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर जमलो. पिंड मांडला. कावळे आले, पिंपळावर बसले, पण एकही खाली उतरेना. इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून जो तो मामींना शब्द देऊ लागला. मुलगा म्हणाला, "आई, आबांना मी सांभाळीन." मुलगी म्हणाली, "तुजी म्हस इकणार न्हाई." एका चुलतजावेने तर चार वर्षांपूर्वी नेलेला कुकर परत करायचं भर घाटावर कबूल केलं. कावळे ढिम्म. नवाचे बारा वाजले, वारा पडला, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते पिंडाकडे बघतच नव्हते. झाडावरचा एकूण एक कावळा मामांकडे बघत होता. कावकाव नाही, फडफड नाही. 

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू." मामा म्हणाले, "न्हाई." ते पुढे झाले, सावधान उभे राहिले. आता कावळ्यांनाही हुकूम सुटणार असं वाटलं.  पण मामा कसेबसे म्हणाले, "आगं... काय पायजे तुला?"

एक कावळा उतरला आणि शिवला.

सगळ्यांनी हुश्श केलं, चपला शोधल्या. मामा तिथेच उभे. "आरं, पण काय पायजे हुतं, ते कुठं सांगितलं तिनं?"

त्या दिवसापासून मामा विचारत सुटले. सुनेला, ऊसतोडीच्या टोळीला, म्हशीलासुद्धा. सून सांगते की रोज दुपारी परसातल्या भिंतीवर एक कावळा येतो. घासाला तोंड लावत नाही. मामा विचारतात, तो मान तिरकी करून ऐकून घेतो आणि जातो. ती तेवढा वेळ परसात पाऊल टाकत नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी मामांबरोबर त्याच परसात जेवत होतो. "जावई, तुमचं काय ऱ्हायलंय?" मामांनी विचारलं. मी चेष्टेत म्हटलं, "मामा, आधी तुमचं सांगा." भिंतीवरचा कावळा दोन पावलं जवळ सरकला. मामांनी ताट बाजूला सारलं. "तिनं एकडाव इचारावं, काय करू जेवायला. म्या नीट सांगीन." मला त्यांचा हात धरावासा वाटला, फार वाटला, पण कावळ्यादेखत धीर झाला नाही.

साताऱ्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी बायको ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी विचारलं, "आज तुला काय खावंसं वाटतंय?" तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग लाटणं तसंच हातात धरून उभी राहिली. खिडकीशी काहीतरी फडफडलं. मी मुद्दामच तिकडे पाहिलं नाही. तव्यावरची पोळी करपली; चोवीस वर्षांच्या संसारात असं झालेलं मला आठवत नाही.

"थांबा हं," ती म्हणाली, "आठवावं लागेल."