जाकिटाच्या अस्तराखालची कविता

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला अब्बांना मी घरात बसवून ठेवलं.

आजारी नव्हते ते. मीच घाबरले होते.

त्यानंतर तीनच दिवसांनी ते गेले. या आठवड्यात वर्ष होतंय आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझे अब्बा गडमुडशिंगीतले टेलर. गावाला ते दोन गोष्टींसाठी माहीत होते, जाकीट आणि झेंडावंदनाची कविता. शाळेत भाषणं संपली की जाधव गुरुजी स्पीकरवर त्यांचं नाव पुकारायचे. अब्बा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे जायचे आणि दर वर्षी नवी कविता म्हणायचे.

देशावरच. पण त्यात हिमालय वगैरे नसायचा. पंचगंगेचा पूर, बेंदराचे बैल, एसटीची वाट बघत बसलेली माणसं असायची. पोरं जोरात टाळ्या वाजवायची, कारण कविता झाली की जिलेबी.

गेल्या वर्षी शहरात तणाव होता. कुणाच्या तरी स्टेटसवरून दुकानं बंद, ग्रुपवर नको नको ते फॉरवर्ड.

माझ्या ऑफिसात एकीने सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले गं?"

"मुडशिंगीचे."

"नाही, पण मूळचे?"

घरी येऊन अब्बांना सांगितलं तर ते हसले. "तिला म्हनावं, आमचं मूळ बघायचं तर कबरस्तानात खणावं लागंल. पणजा तितंच हाय, आज्जा तितंच हाय. बोलवू का?"

मला काही हसू आलं नाही. डोक्यात एकच चालू होतं. कुणीतरी व्हिडिओ काढणार, अर्धीच ओळ व्हायरल करणार, संध्याकाळपर्यंत दारात गर्दी.

"अब्बा, यंदा कविता नको."

"का? झालीया की."

"कुठाय? कागद दाखवा."

मशीनवरून नजर न काढता म्हणाले, "कागद न्हाय. बरं, न्हाय जात."

इतक्या पटकन ऐकलं त्यांनी. भांडले असते तर बरं झालं असतं.

पंधराला सकाळी अब्बांनी जाऊन जिलेबी आणली. मग इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, स्पीकर घरात स्पष्ट ऐकू येतो.

गुरुजींनी नाव पुकारलं.

थोडं थांबून परत पुकारलं.

अब्बा उठले नाहीत. "जिलेबी खा," म्हणाले, "गार हुईल."

ते गेल्यावर मी त्यांची वही उलटून पालटून बघितली. सगळ्या वर्षांच्या कविता होत्या. तेवढीच नव्हती.

अब्बांना कविता शिवतानाच सुचायची. कागद शोधेपर्यंत ओळ पळून जाते म्हणायचे. म्हणून हातातल्या जाकिटाच्या अस्तराखालच्या कडक कॅनव्हासवरच निळ्या पेन्सिलीने लिहायचे, नंतर वहीत उतरवायचे आणि वरून अस्तर शिवून टाकायचे.

अम्मी ओरडायची, "गिऱ्हाइकाचं कापड हाय ते!"

"आत कोन बघतंय?"

अर्ध्या गावाच्या छातीवर त्यांच्या कच्च्या ओळी आहेत आणि गावाला पत्ता नाही. वर्षभर लग्नात, मयतीत कुणी जाकीट घातलेलं दिसलं की माझी नजर तिथंच जायची. पण कुणाला म्हणणार, जरा अस्तर उसवू द्या म्हणून?

आज सकाळी जाधव गुरुजी आले. हातात जाकीट.

"शबा, प्वाट सुटलंय माझं. उद्या झेंडावंदनाला घालायचंय, जरा ढिलं करून दे. अब्बानं शिवल्यालं शेवटचं हाय, जपून."

शिवणकाम मला अब्बांनीच शिकवलेलं; गुरुजींसमोरच अस्तर उसवलं. निळी पेन्सिल दिसली आणि मी अस्तर पुरतं बाजूला केलं.

पणज्यानं शिवली बेंदराची झूल,
आज्ज्यानं शिवली नांगऱ्याची बंडी,
मी शिवतोय गुरुजीचं जाकीट.
देशा, तुझं माप आमच्या घरात तोंडपाठ हाय,
तू आमचं सारखं सारखं नको घेऊ.

गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग तिथंच स्टुलावर बसले.

"मला वाटलं, माझ्यावर रुसला म्हणून आला न्हाय. मी स्पीकरवर नाव पुकारत हुतो, तवा हेच जाकीट अंगात हुतं की गं."

मी सगळं सांगितलं. मीच अडवलं होतं म्हणून. ते जाकिटावरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, "उद्या तू वाचायचीस."

"गुरुजी, शेवटची ओळ... लोक काय म्हणतील?"

"म्हनू देत की. मी शेजारी हुभा हाय."

हो म्हटलं खरं. पण तेव्हापासून गावचा ग्रुप दहा वेळा उघडून बघितला. शेवटची ओळ गाळावी असंही मनात येऊन गेलं. पण ती गाळली तर मी त्यांना दुसऱ्यांदा घरात बसवल्यासारखं होईल.

जाकीट ढिलं करून झालंय. ओळी होत्या तिथंच ठेवून अस्तर परत शिवलंय. माझी शिलाई अब्बांसारखी सरळ नाही आली.

भीती गेलेली नाही. खोटं कशाला बोलू?

अब्बा, मला माफ करा. गुरुजींना सांगितलंय, उद्या माझं नको, तुमचंच नाव पुकारायचं.

या वेळी पहिल्याच हाकेला उठते.