उपरणं कमरेला

सोलापुरात महादेवाच्या देवळातली पूजा आमच्या घराण्यात पिढीजात होती, भावाभावांत पाळीपाळीनं. गाभाऱ्यात शिवलेलं कापड चालत नसे. उपरणंसुद्धा कमरेला बांधायचं आणि देवापुढं उघड्या अंगानं उभं राहायचं. माझे वडील, आबा, तसे उभे राहिले की मला भारी अभिमान वाटे.

एका वर्षी आबा उपरणं छातीवरून काढेनात.

आधी त्यांना कावीळ झाली होती. ती गेली असं आम्ही समजलो, पण ती आत घर करून बसली होती. त्यांची दाढी विरळ झाली, तळहात लाल झाले. "मेंदी काढलीस व्हय रं?" म्हणून थोरले काका हसले, तेव्हा आबाही हसले. पुढं त्यांची छाती भरू लागली, वयात येणाऱ्या मुलीसारखी. मी तेव्हा त्याच वयाची. मला सगळं समजत होतं आणि बोलायची चोरी होती.

सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "लिव्हर सुकत चाललंय," म्हणाले.

"आन् हे?" आबांनी मान खाली घालून विचारलं.

"तेही त्यामुळंच."

याहून जास्त त्यांनाही माहीत नसावं. पुरुषाच्या रक्तातही थोडा बायकी रस असतो, यकृत त्याचा निचरा करतं आणि ते थकलं की तो साचत जातो, हे मला म्हातारपणी माझ्या डॉक्टर नातीनं सांगितलं. आबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं! गल्लीनं मात्र निदान केव्हाच केलं होतं: दारू, नाहीतर देवाचा कोप. आबांनी दारूचा थेंब चाखला नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या वर्षी महाशिवरात्र आमच्या पाळीत आली. आदल्या दिवशी काका घरी आले. "उपरणं काडणार नसशील तर पाळी मला दे." एकदा दिलेली पाळी परत मिळत नाही, हे आमच्या मांजरालाही ठाऊक होतं.

"घे, दादा," आबा म्हणाले.

थोरल्या दिरापुढं आई कधी बोलत नसे. त्या दिवशी ती चुलीपुढून उठली. "माज्या माहेरी, वेळापुरात, देवाचं अर्दं अंग बाईचं हाय. त्याला कुणी हसतंय व्हय?"

"देवाला शोभतंय ते. मी माणूस हाय."

"मग माणसागत जावा की. लपताय कशापायी?"

सकाळी, काकांना दिलेला शब्द मागं घेऊन, आबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबले. खांदे पुढं, पाठीला पोक. त्या दिवसांत मीही तशीच चालत असे. त्यांनी उपरणं काढून कमरेला बांधलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबांची पाठ हळूहळू ताठ झाली आणि ते आत गेले. मी रागानं रडत होते. हसणाऱ्याचं तोंड मला अजून आठवतं.

पुढं पोटात पाणी होऊन आबा गेले. शेवटची आंघोळ घालताना काकांनी घाईनं त्यांच्या छातीवर उपरणं ओढलं. "लोकं बगत्यात," ते म्हणाले.

आईनं ते काढून आबांच्या कमरेला बांधलं. "बगू द्या. देवानं बगितलंय."