जबाबदार व्यक्ती: सौ. साखरबाई

रामकिसन घुगे बोईसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेन्टेनन्सला होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण मनाने अजून घरी आलेले नाहीत. मशीन बंद पडलं की तिथे एक फॉर्म भरायचा: समस्या, मूळ कारण, जबाबदार व्यक्ती. घरात दूध उतू गेलं तरी हे गृहस्थ तोच फॉर्म भरतात आणि फ्रिजवर चिकटवतात. शेवटच्या रकान्यात आजवर एकच नाव आलं आहे, बायकोचं. मी शेजारी, विरजण मागायला गेलो की वाचून घेतो.

त्यांची तीन सिलेंडरची लाल गाडी पंचवीस वर्षांची. चोपन्नाव्या वर्षी साखरबाई ती चालवायला शिकल्या आणि दर बुधवारी एकट्या माकुणसारला बायकांना शिवण शिकवायला जाऊ लागल्या. लग्न झाल्यापासून कुणाला न विचारता त्या पहिल्यांदाच कुठे जात होत्या. आनंद लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. रामकिसनरावांना तो खुपत असावा.

मग गाडी झटके खायला लागली. रामकिसनरावांनी बॉनेट उघडलं, एकच प्लग काढला, तो काळा निघाला. झालं, लगेच फ्रिजवर फॉर्म: 'समस्या: प्लग काळे. मूळ कारण: सेकंड गिअरमध्ये रांगत चालवणे. जबाबदार व्यक्ती: सौ. साखरबाई.' खाली लाल शाईत, 'उपाय: चावी जप्त.'

साखरबाई भांडल्या नाहीत. "मेकॅनिकला दाखवू. तो म्हणाला माझी चूक, तर पुन्हा गाडीला हात लावणार नाही," एवढंच म्हणाल्या, आणि मला साक्षीला घेतलं.

मेकॅनिक चिंधू शिरगावचा. त्याने तिन्ही सिलेंडरचे तिन्ही प्लग काढून फडक्यावर मांडले. दोन फिकट तपकिरी, म्हणजे ठणठणीत. तिसरा काळाकुट्ट. चिंधूने त्यावरून बोट फिरवलं. काळं बोटाला चिकटलं.

"हळू चालवून काजळी धरते ती कोरडी, काका. आनि ती तिन्ही प्लगांवर धरते. हा एकच काला, तो पन तेलानं भिजलेला. ह्या सिलेंडरच्या पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या हायत. तेल वर चढतंय."

"हिच्यामुळेच गेल्या!"

"काकी काय एकाच सिलेंडरवर गाडी चालवतात?"

मला एकदम खोकला आला. हसण्यापेक्षा ते बरं दिसतं.

चिंधूने तेलाची पट्टी उपसली, दोन बोटांत तेल चोळलं, हुंगलं. "हे गाडीचं तेल नाय. कुठलं टाकता?"

एकतीस वर्षं सगळ्यांची मूळ कारणं शोधणारे रामकिसनराव रस्त्यावरून जाणारा टेम्पो बघू लागले.

"कंप्रेसरचं," साखरबाई म्हणाल्या. "निवृत्त होताना ह्यांनी कंपनीतून चार कॅन आणलेत. कुणाला न विचारता."

"मंग इंजिन टिकेल कसं?" चिंधूने हात पुसले.

घरी आल्यावर साखरबाईंनी फ्रिजवरचा फॉर्म काढला. आपलं नाव खोडलं. मूळ कारणापुढे 'कंप्रेसरचं तेल' लिहिलं आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच; नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकलेलं नाही.

त्यांनी एका हाताने पेन नवऱ्यापुढे धरलं आणि दुसरा हात चावीसाठी पसरला.

"मी तुमचं नाव कसं घेऊ? तुम्हीच लिहा."