पांढरी पापणी

"शिंग लाव म्हनलं की लावायचं. डोळे बघायला तू डाक्टरीन हाईस का?"

पाटलीणबाईंनी अम्माला गोठ्यात, माझ्यासमोर हे सुनावलं. मी तेरा वर्षांची होते. अंबड तालुक्यात अंमल निजामाचा होता, पण आमच्या गावात पाटलीणबाईंचा.

आम्ही शिंग लावणारे. पोकळ शिंग पाठीवर टेकवायचं, टोकाच्या भोकातून तोंडाने ओढायचं, वस्तऱ्याने बारीक फासण्या मारून साकळलेलं रक्त काढायचं. चांदाची सतरा, एकोणीस, एकवीस तारीख बघायची. बिस्मिल्ला म्हणायचं. पण त्याआधी बाईची खालची पापणी ओढून बघायची. आत पांढरं दिसलं तर शिंगाला हात लावायचा नाही. हा कायदा नानीपासूनचा.

पाटलांची थोरली सून दीड महिन्याची बाळंतीण. पापणी पांढरीफटक, उभी राहिली की घेरी. सासू म्हणे, अंगात वाईट रक्त झालंय, म्हणून आळस. अम्मा हात जोडून म्हणाली, हिला खाऊ घाला, झोपू द्या. त्यावर ते 'डाक्टरीन' आलं.

आणि अम्माने मान खाली घालून शिंग लावलं. तिसऱ्या शिंगाला सून आडवी झाली.

मग सगळं पाप आमचंच. पाटलीणबाईंनी शिंग लाथेने शेणात उडवलं. अम्माला जमिनीवर नाक घासायला लावलं. आम्ही बसलो होतो तिथे गोमूत्र शिंपडलं. त्यांच्या सुनेचं रक्त ओढायला आमचं तोंड चालत होतं, पाणी मात्र वरून ओंजळीत. सून वाचली, पण वर्षभर अंथरूण सुटलं नाही. मला पाटलिणीचा राग आला. अम्माचा त्याहून जास्त आला.

अम्मा गेल्यावर शिंग माझ्या हाती आलं. पुन्हा त्याच गोठ्यातून बोलावणं. या वेळी धाकटी सून, मांडीवर तान्हं पोर. मी पापणी ओढली. पांढरी.

"लाव," पाटलीणबाई म्हणाल्या.

मी शिंग पिशवीत टाकलं. "न्हाई लावनार. हिच्यात काढायला रक्तच न्हाई."

गावातून हाकलून देईन, चावडीवर उभी करीन, असं बरंच ऐकवलं त्यांनी.

"करा उभी," मी म्हणाले. "थोरलीला कुनाच्या हुकमानं शिंग लावलं, ते तिथंच सांगते. समद्यांसमोर."

पाटलीणबाई पदर सावरत गोठ्याबाहेर निघून गेल्या. धाकटीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून मी कुणाच्या गोठ्यात बसत नाही. जिला शिंग हवं तिने माझ्या ओट्यावर यावं, माझ्या मडक्यातलं पाणी प्यावं. पापणी मी बघणार. पांढरी दिसली तर परत पाठवणार, मग तिच्यामागे पाटील उभा असो नाहीतर तहसीलदार. गाव सुटलं तर सुटू दे. वस्तरा माझ्या हातात आहे, तो कधी चालवायचा हे मीच ठरवणार.